पूर ओसरल्यावर तुम्हाला कशानं उभं केलं? (अनुभव धागा)

कृष्णाकाठ
सकाळी दूधवाल्यानं कॅन टेकवता टेकवता विचारलं, "वहिनी, आयर्विन किती?" सांगलीत पावसाळ्यात हाच रामराम. आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ३१ फूट होतं. इशारा ४० ला, धोका ४५ ला, म्हणजे काळजीचं काही नाही. तरी पोटात गोळा आलाच. ऑगस्ट २०१९ ला हाच आकडा ५७ च्या पुढं गेला होता.

आम्ही गावभागात. २००५ ला पाणी उंबऱ्याशी थांबलेलं, म्हणून २०१९ लाही सामान वर टाकलंच नाही. आठवड्यानं परत आलो तर दार फुगून बसलेलं, उघडेना. आत घोटाभर गाळ, फ्रीज आडवा, आणि कुजलेल्या ज्वारीचा तो वास. ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायला नको. मी ओट्याला टेकून रडत बसले. सासूबाईंनी पदर खोचला, गाळात हात घालून चाचपत राहिल्या आणि खलबत्ता बाहेर काढला. टँकरच्या पाण्यानं धुतला, माझ्यापुढं ठेवला. "हा धड आहे बघ. आता पुढचं काढ." दिवसभर आम्ही फक्त धड असलेल्या वस्तू मोजल्या. एकोणीस निघाल्या.

हॉलच्या भिंतीवर सात फुटांवर पाण्याची रेघ उमटली होती. रंगारी आला तेव्हा तेवढा पट्टा सासूबाईंनी रंगवू दिला नाही. नातू दोन वर्षांचा होता. दर पाडव्याला त्याला त्या रेघेखाली उभं करून पेन्सिलीनं खूण करायच्या. गेल्या वर्षी त्या गेल्या. यंदाची खूण मी केली, सव्वाचार फूट.

पूरच पाहिजे असं नाही. आजार, नोकरी, माणूस जाणं, काहीही. तेव्हा कशावर तग धरलात ते लिहा ना.

वाशिष्ठीकर
ताई वाचून काटा आला. २२ जुलै २०२१, चिपळूण बाजारपेठ, स्टेशनरीचं दुकान. आधीच लॉकडाउननं कंबरडं मोडलेलं, त्यात उसनवारीनं भरलेला माल. वह्यांचा अक्षरशः लगदा झाला, फावड्यानं ओढून टाकला. तिसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन पोरं आली, सांगलीचीच. खराटे, फावडी, पंप, सगळं घरून आणलेलं. म्हणाली, आमच्या पुरात कोकणातनं भाकऱ्या आलेल्या. संध्याकाळी त्यातल्या एकाला वरच्या फळीवर पेनांचा कोरडा डबा सापडला. त्यानं खिशातून दहाची नोट काढली, म्हणाला काका एक पेन द्या. भवानी झाली हो! ती नोट अजून गल्ल्यात आहे, खर्च केली नाही. त्या क्षणी कळलं की दुकान आहे अजून.

तिखटमीठ
भवानी वाचून रडले. भाजी करपली तिकडे.

सातबारा
वाशिष्ठीकर, तुमच्याच एसटी आगारात ना, कर्मचारी रोकड घेऊन कित्येक तास बसच्या टपावर बसले होते?

वाशिष्ठीकर
हो हो, आमचंच आगार. सगळी रक्कम सुखरूप.

माळवद
३० सप्टेंबर १९९३. किल्लारीजवळचं गाव. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, पहाटे चारला पाच मिनिटं कमी असताना भूकंप. मी दुसरीत. आई आणि धाकटी बहीण गेल्या. जाड दगडी भिंती आणि वर मातीचं माळवद, सुटायला वावच नव्हता. आजी नंतर दोन वर्षं छपराखाली झोपली नाही, पावसात सुद्धा ताडपत्री घेऊन अंगणात.
शाळा पत्र्याच्या शेडात भरली. गुरुजी रोज घरी सोडताना म्हणायचे, उद्या तेराचा म्हणून दाखवायचा. रात्री झोप यायची नाही, मी आजीशेजारी पडून तेराचा पाढा म्हणायचो. तेरा सत्ते एक्क्याण्णव. कुणीतरी उद्याचं काम दिलंय एवढंच पुरलं मला. पुढं मीही मास्तर झालो.

कृष्णाकाठ
दादा, काय लिहू. नमस्कार तुमच्या गुरुजींना.

रानजाई
थोडं वेगळं लिहिते, राग मानू नका. केमो चालू असताना भेटायला येणारा प्रत्येक माणूस "पॉझिटिव्ह राहा" म्हणायचा आणि मला वाटायचं, आता भीतीसुद्धा माझी चूक का? मला धीर दिला तो शेजारच्या खाटेवरच्या आजींनी. इस्लामपूरकडच्या. म्हणाल्या, पोरी केमोच्या सहा सायकल कशाला मोजतीस, दुपारपर्यंतचं बघ. दुपारी जेवलो की संध्याकाळचं बघू. त्यांना चव लागत नव्हती तरी मला आवळ्याची फोड द्यायच्या. आता चार वर्षं झाली. अजून दुपारपर्यंतचंच बघते.

तिखटमीठ
रानजाई मिठी तुला. आवळा सुपारी करते मी, आलं आणि सैंधव घालून. पाठवू का?

रानजाई
पाठव पाठव! आलं जास्त.

ओंजळ
समुपदेशनाचं काम करते म्हणून लिहिते. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. आठवडाभर रोज रात्री दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी आणि त्या का घडल्या ते लिहायचं. लिहिणाऱ्यांना त्याचा फायदा सहा महिन्यांनंतरही जाणवला. तुमच्या सासूबाईंनी गाळात बसून तेच केलं, कृष्णाकाठ. पण रानजाईचं शंभर टक्के खरं. ताज्या दुःखात कुणाच्या हातात वही देऊ नये. आधी जवळ बसावं, भांडी घासून द्यावी.

दोहाहून
रात्रपाळी संपवून बसमध्ये वाचतेय. २०१९ ला मी इथे आणि आईबाबा सांगलवाडीत, दोन दिवस फोन नाही. ज्या अनोळखी माणसानं स्वतःच्या फोनवरून "आई गच्चीवर आहे, जेवली" एवढं कळवलं त्याचा नंबर मी "देवमाणूस" म्हणून सेव्ह केलाय. दर दिवाळीला फोन करते.

सातबारा
मदत हवी. आमच्या जुन्या अल्बमला गळती लागून फोटो चिकटलेत. पूरवाल्यांनी काय केलं?

वाशिष्ठीकर
ओढू नका! परातीत स्वच्छ गार पाण्यात ठेवा, सुटतील तसे सोडवा. मग दोरीवर चिमटे लावून सावलीत. उन्हात नको, वळतात. आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

कृष्णाकाठ
आमचे लग्नाचे अकरा वाचले असेच. सासूबाईंचा एक आहे, अर्धा चेहरा पुसलाय पण नथ स्पष्ट दिसते. तोच फ्रेम केलाय, रेघेशेजारी.

माळवद
ताई, सासूबाईंच्या त्या नातवाला तेराचा पाढा येतो का?

कृष्णाकाठ
विचारून आले. बारापर्यंत येतो म्हणाला.

माळवद
मग त्याला सांगा, उद्या तेराचा म्हणून दाखवायचा. फोन करेन.