हिरोचा पेडलबोर्ड जसाच्या तसा उतरवून स्वतःचं काही सुचतं का?

खर्जातला_स्ट्रॅट
कोणी गिटारचा नवीन बोर्ड, म्हणजे आवाज बदलणाऱ्या पायाच्या पेडल्सची फळी, बसवायला घेतला की पहिला प्रश्न ठरलेला, पिंक फ्लॉइडचा गिल्मोर काय वापरतो, U2 चा एज काय वापरतो. मग ती यादी शोधायची, पैसे साठवायचे, एकेक पेडल मागवायचं आणि सगळं आलं की त्यांचीच गाणी वाजवत बसायचं. माझं स्पष्ट मत आहे, अशा बोर्डावर नवीन काही सुचत नाही. सुचतं ते आहे त्याच पेडल्सचा क्रम बदलल्यावर. सगळे सांगतात आधी वाह, मग आवाज फाटका करणारा ड्राइव्ह, मग कोरस फेझर वगैरे, शेवटी एको देणारा डिले आणि घुमारा देणारा रिव्हर्ब. ठीक आहे, आवाज स्वच्छ येतो. पण एकदा डिले ड्राइव्हच्या आधी लावून बघा! विरत जाणारा प्रत्येक एको पुन्हा ड्राइव्हमध्ये शिरतो, त्यामुळे तो पटकन बारीक होत नाही, बराच वेळ जवळजवळ तेवढाच मोठा राहतो, फक्त त्याची धार कमी होत जाते, आणि तेवढ्यात तुम्ही पुढची नोट छेडली की दोन्ही एकमेकांत घुसतात. मग हात आपोआप कमी वाजवतो, जागा सोडतो आणि रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट, तिथेच सापडतो. तीन पेडल्स पुरतात.

डिलेवाली
दादा, अजिबात पटलं नाही. नक्कल केल्याशिवाय कळत नाही की ते पेडल तिथे का आहे. एजचंच घ्या. टेम्पो 120 असेल तर एक बीट 500 मिलिसेकंदांचा, आणि डिले लावायचा 375 वर, म्हणजे पाऊण बीट. आता तुम्ही साधे सरळ आठवे, म्हणजे अर्ध्या बीटच्या नोटा, वाजवा, प्रत्येक दोन नोटांच्या मधोमध एको येऊन बसतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं दुप्पट वेगाने वाजतंय. हे आकडे वाचून कळत नाही, तसं सेट करून वाजवल्यावर कळतं की तो इतक्या कमी नोटा का वाजवतो. गाण्यात शिष्य आधी गुरूची बंदिश घोटतो, मगच त्याला स्वतःची तान सुचते ना, मग गिटारवाल्यांनीच पहिल्या दिवसापासून वेगळं का असायचं?

नुसता_अँप
दोघांशीही असहमत. AC/DC चा माल्कम यंग गिटार थेट मार्शल अँपमध्ये लावायचा, त्याचे रिफ बघा. गिटारचा व्हॉल्यूम नॉब आणि पिकची जागा, ब्रिजजवळ की नेकजवळ, एवढ्यावर किती रंग निघतात हे लोक तपासतच नाहीत, त्याआधीच चौथं पेडल कार्टमध्ये. ज्याला सुचत नाही त्याला पेडलने सुचणार नाही.

जर्मेनियम_भाऊ
@नुसता_अँप भाऊ हे इतिहासाला धरून नाही. फझचा, म्हणजे खरखरीत फाटका आवाज देणाऱ्या पेडलचा, जन्मच बिघाडातून झालाय. 1960-61 च्या सुमारास नॅशव्हिलमध्ये रेकॉर्डिंग चालू असताना मिक्सरचं एक चॅनल बिघडलं आणि ग्रेडी मार्टिनचा सोलो फाटक्या आवाजात टेप झाला, तो तसाच ठेवला गेला, मग ग्लेन स्नॉडी नावाच्या इंजिनियरने तोच आवाज देणारं सर्किट बनवलं आणि 1962 ला गिब्सनने ते मेस्ट्रो फझ-टोन म्हणून बाजारात आणलं. आधी आवाज आला, त्यात काय वाजवायचं ते लोकांना नंतर सुचलं. आणि व्हॉल्यूम नॉबचं म्हणाल तर तो फझ फेस नावाच्या पेडलसोबतच खरा खुलतो, नॉब थोडा खाली घेतला की चिरका आवाज एकदम काचेसारखा स्वच्छ, फक्त त्याच्या आधी बफरवालं, म्हणजे सिग्नल मजबूत करून पुढे पाठवणारं, पेडल नको. जर्मेनियम ट्रान्झिस्टरवाला फझ तर उन्हाने सुद्धा बदलतो, पुण्यात मे महिन्यातल्या दुपारी आणि डिसेंबरच्या रात्री एकच सेटिंग वेगळं वाजतं, आणि मला त्या फरकातूनच काही ना काही सुचत आलंय.

खर्जातला_स्ट्रॅट
@डिलेवाली बंदिशीचा मुद्दा मानतो, पण बंदिश घोटणारा गुरूचा तानपुरा विकत घेत नाही. माझं उदाहरण देतो. सा-प धरून फ्रीझ पेडल दाबून ठेवायचं, तोच सूर न तुटता चालू राहतो, तंबोराच झाला, आणि त्यावर यमन. यातही क्रमच महत्त्वाचा, फझ फ्रीझच्या नंतर ठेवला तर खर्ज आणि वरची सुरावट एकत्र चेपली जाते आणि नुसता चिखल होतो, फझ आधी ठेवला तर दोन्ही सुटे ऐकू येतात. तीव्र मध्यमावर थांबल्यावर खालचा सा किती ओढतो हे मला गिटारवर पहिल्यांदा असं कळलं. हे कोणाच्या यादीत नव्हतं.

नुसता_अँप
यमन आधीपासून डोक्यात होता म्हणून सुचलं. पेडलने काय केलं?

डिलेवाली
@नुसता_अँप सूर धरून ठेवला, म्हणून थांबता आलं. एकटा गिटारवाला खर्जाची तार छेडणार की मध्यमावर थांबणार?
@खर्जातला_स्ट्रॅट करून बघते, पण फ्रीझच्या पुढे माझा 375 चा डिले राहणारच. मींड असेल तिथे बंद करेन, कारण एको मींडेवर चढला की सूर धूसर होतो. सरळ स्वरांना मात्र लावणार. एजचाच आहे तो, आणि यमनात चालला तर मला काहीच अडचण नाही.