मदत हवी आहे: पिकासोच्या 'ला व्ही'मधलं ते बोट काय सांगतंय?

मंडळी, लेकीच्या प्रोजेक्टसाठी पिकासोचं 'ला व्ही' ('जीवन', १९०३) हे चित्र घेऊन बसलोय आणि पार अडकलोय.

डावीकडे जोडपं, ती विवस्त्र, त्याला बिलगलेली. उजवीकडे गडद निळ्या वस्त्रात तान्हं बाळ छातीशी धरून उभी असलेली बाई, नजर करडी. मधे दोन कॅनव्हास, त्यांत अंग चोरून बसलेली माणसं. आणि सगळीकडे निळा! आपल्या कृष्णाचा निळा नव्हे, थंडीनं ओठ निळे पडतात तसला.

पुरुषाचा चेहरा पिकासोच्या मित्राचा, कासाहेमासचा. त्यानं १९०१ मध्ये पॅरिसला स्वतःवर गोळी झाडून घेतली. आधीच्या रेखाटनांत मात्र त्या जागी पिकासो स्वतःच आहे. हे कळल्यापासून गोंधळ वाढलाच.

तर त्या पुरुषाचं बाळवाल्या आईकडे रोखलेलं ते बोट: तिला दोष देतंय, की नुसतं 'थांब' म्हणतंय? मला दुसरं वाटतं, बायकोला पहिलं (आमच्याकडे हे नेहमीचंच). शिवाय एक्स-रेत याच कॅनव्हासवर खाली पिकासोचंच 'अखेरचे क्षण' हे जुनं चित्र सापडलंय. अर्थ लावताना ते धरायचं, की डोळ्यांना दिसतं तेवढंच? कुणी चित्रकलेचं शिकलेलं असेल तर जरा सांगा. वही सोमवारी द्यायचीय.