प्रश्न अंतराचाही आहे
अफगाणिस्तानात घरचेच मुलींना शिकू देत नाहीत, असं अनेकदा म्हटलं जातं; ते मला पूर्ण पटत नाही. २००७ साली घोर प्रांतातल्या ३१ गावांत एक प्रयोग झाला. काहींत गावातच वर्ग सुरू केले, तर तिथं शंभरामागे ५२ मुली जास्त शाळेत जाऊ लागल्या, मुलगे ३५. माणसं तीच, रिवाज तेच, फक्त शाळा जवळ आली. (आता सहावीनंतर बंदी आहे, पण तो तालिबानचा हुकूम, आईबापांचा नव्हे.)

आमच्या खानापूर तालुक्यात मी हेच पाहिलंय. माझी थोरली बहीण सातवीनंतर घरी बसली, कारण हायस्कूल सहा किलोमीटरवर आणि वाट जंगलातली, अस्वलांची. बाबांचा शिक्षणाला विरोध नव्हताच. रोज सोडायला-आणायला कोण जाणार, तिथं सगळं अडलं.