डीएमसाठी घरगुती जुगाड बरा की लॅपटॉप? (पावसात लाईट जाते हे धरून सांगा)

डिचोलीचा_डीएम
नमस्कार मंडळी, आम्ही पाचजण दर रविवारी आमच्या सोप्यावर डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून गोष्ट खेळायचा खेळ) खेळतो, पाचवी एडिशन, डीएम (गोष्ट आणि राक्षस चालवणारा) मीच कारण दुसरा कोणी तयार होत नाही. परवा सहा गॉब्लिनांशी (छोटे राक्षस) मारामारी झाली, पाच राऊंड, आणि एक राऊंड म्हणजे सगळ्यांची एकेक पाळी, गोष्टीतले सहा सेकंद, म्हणजे अर्ध्या मिनिटाची लढाई आम्ही अडीच तास लढलो. आई दोनदा चहा देऊन गेली तरी तोच गॉब्लिन जिवंत. एकजण म्हणतो रोल२० वर या, दुसरा म्हणतो फाउंड्री घे (दोन्ही संगणकावर मॅप मांडून खेळायची सॉफ्टवेअर), पण जून लागला की आमच्याकडे लाईटीचा काही भरवसा नसतो. पुठ्ठ्याचे मॅप केलेले ते गेल्या पावसात मऊ पडून बुरशी आली. खर्च करू की हातानेच काहीतरी करू?

करवंटी_ड्रॅगन
पुठ्ठा सोड रे, गोव्यात पुठ्ठा फक्त नरकासुराला. चार्ट पेपरवर चौकटी आख आणि वर जेवणाच्या टेबलावर घालतात ते पारदर्शक प्लास्टिक मीटरवर मिळतं ते घाल, व्हाईटबोर्ड मार्करने मॅप काढायचा, फडक्याने पुसायचा. चौकट मात्र दीड इंचाची घे. नियमात एक इंच म्हणजे पाच फूट, पण सोड्याच्या बाटलीचं बूच बाहेरून ३२ मिमी असतं, ते एक इंचात बसत नाही आणि दोन बुचं शेजारी आली की एकमेकांना ढकलतात. बुचाच्या आत गोल कापलेलं चित्र चिकटव, झाली मिनी, म्हणजे पात्राची सोंगटी. मोठा राक्षस असला की उपडी करवंटी, साधारण चार चौकटी खाते. माझ्या ड्रॅगनची शेंडी अजून तशीच आहे, पोरं त्यालाच घाबरतात 😄

मडगावकर२०
वरच्यांचं झकास आहे पण फाउंड्रीला उगाच भिऊ नका. रोल२० त्यांच्या सर्व्हरवर चालतं, नेट गेलं की खेळ संपला. फाउंड्री तुमच्याच लॅपटॉपवर चालतं, पैसे एकदाच आणि फक्त डीएमने भरायचे, बाकीचे फोनच्या हॉटस्पॉटला जोडून ब्राउझरमधून येतात, एकदा लावून घेतलं की खेळताना नेट लागत नाही. फक्त लॅपटॉप चार्ज ठेवा. आधी फुकटात बघायचं तर औलबेअर रोडिओ ही मॅपची वेबसाइट आहे, खेळणाऱ्यांना अकाउंटसुद्धा लागत नाही, पण त्याला नेट हवं. आणि कोणी टीव्ही आडवा घालून मॅप दाखवायचं म्हणत असेल तर ४३ इंची फुल एचडीला एका इंचात साधारण ५१ पिक्सेल येतात, तेवढी ग्रिड ठेवली की खरी मिनी बरोबर बसते. वर काच घाला हो, आमच्याकडे टीव्हीवर सोलकढी सांडली, पुढचं विचारू नका.

चिंचोके_मास्तर
दोघेही मॅपबद्दलच बोलताहात, त्याचे अडीच तास मॅपने खाल्ले नाहीत. "आता कोणाची पाळी?" आणि "त्याचे किती उरले?" याने खाल्ले. माझं ऐक बाबा. कपडे वाळत घालायचे चिमटे घे, प्रत्येकावर एक नाव, इनिशिएटिव्हच्या (कोणाची पाळी आधी ते) क्रमाने तुझ्या स्क्रीनच्या, म्हणजे डीएमसमोरच्या आडोशाच्या, वरच्या कडेला लाव, सगळ्यांना समोर दिसतं, पुढचा आधीच तयार बसतो. गॉब्लिनचे हिट पॉइंट (किती मार झेलतो ते) ७, बुचाशेजारी सात चिंचोके ठेव, मार बसला की उचल, वहीत खाडाखोड नको. (काजूच्या कच्च्या बिया घेऊ नकोस, तेल लागून बोटं सोलली माझी.) गॉब्लिनच्या वाराला १डी६+२ (सहा बाजूंचा एक फासा अधिक २) दरवेळी टाकत बसू नकोस, नियमात सरासरी ५ छापलेलीच आहे, ती घे. आणि खेळणाऱ्यांना सांग, वाराचा डी२० (वीस बाजूंचा फासा) आणि डॅमेजचा फासा एकदमच टाकायचा.
पुस्तकं नसतील तर एसआरडी ५.१ (खेळाचे मूळ नियम, फुकट) उतरवून घे, जानेवारी २०२३ पासून ते क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली आहे, श्रेय दिलं की भाषांतरसुद्धा करता येतं. मी कॅरेक्टर शीट (पात्राच्या माहितीचा कागद) मराठीत केलीय, भाचरं आता "चिलखत किती?" विचारतात.

डिचोलीचा_डीएम
चिमटे आणि चिंचोके दोन्ही लावले, काल आठ गॉब्लिन चाळीस मिनिटांत आटोपले!! मधे लाईट गेली ती कोणाला कळलीसुद्धा नाही, मेणबत्ती लावून चालूच. एकच घोळ, भावाने प्लास्टिकवर परमनंट मार्करने गुहा काढली, आता ती जात नाही.

करवंटी_ड्रॅगन
त्याच रेघांवर व्हाईटबोर्ड मार्कर फिरव आणि ओलं असतानाच पुस, निघते.

डिचोलीचा_डीएम
निघाली की! जरा निळसर डाग राहिलाय, राहू दे. पुढचा डंजन (राक्षसांचं भुयार) खाजनातल्या मानसाखाली, म्हणजे खाडीकाठच्या शेतातल्या पाण्याच्या दाराखाली आहे, भरती येणार, दर राऊंडला पाणी एक ओळ वर. त्याला बहिणीची निळी ओढणी सरकवत नेईन म्हणतो, फक्त तिला अजून विचारलं नाहीये.