‘संपर्क तुटला’ : तीन एररना एकच शब्द?

प्रश्न
एका अ‍ॅपमधले एरर मेसेज मराठीत करतेय. आधीच्या माणसाने कनेक्शन रिफ्यूज्ड, टाइमआउट आणि कनेक्शन रिसेट, तिन्हींना ‘संपर्क तुटला’ हेच ठिगळ लावलंय. खटकतं. तुटायला आधी जुळावं लागतं ना? वर ‘ग्रेसफुल एरर हँडलिंग’चं (एरर आली तरी अ‍ॅप कोसळू न देण्याचं) ‘डौलदार त्रुटी हाताळणी’!

उत्तर १
डौलदार त्रुटी! चाल बघायला हवी तिची.

‘तुटला’ फक्त रिसेटला द्या. तिथे चालू जोडणी मधेच तोडलेली असते. रिफ्यूज्डमध्ये बहुधा समोरचं मशीन जागं असतं, पण त्या पोर्टवर (मशीनच्या त्या क्रमांकाच्या दारावर) ऐकणारं कुणी नसतं, म्हणून ते तत्काळ नकार कळवतं : ‘जोडणी नाकारली’. टाइमआउटला नकारसुद्धा येत नाही. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आपणहून मिनिटभराहून जास्त वाट बघत बसते, म्हणून प्रोग्रामर स्वतःची मर्यादा घालतो. पण ‘मुदत संपली’ नको, लोकांना ठेवीची किंवा वर्गणीची आठवण होते. ‘सर्व्हरकडून उत्तर आलं नाही’ म्हणा.

उत्तर २
वापरणाऱ्याला या तीन तऱ्हा कशाला? लॉगमध्ये (प्रोग्रामरसाठीच्या नोंदींत) लिनक्सचे या तिन्हींसाठीचे १११, ११०, १०४ हे एरर-क्रमांक राहू देत. त्याला एवढंच कळायला हवं, की थांबू की पुन्हा बटण दाबू.

उत्तर १
मान्य, पण पैशांचं काम असेल तर टाइमआउटला ‘व्यवहार अयशस्वी’ हे चक्क खोटं ठरू शकतं. रिक्वेस्ट पोचली, पैसे वळते झाले आणि परतीचं उत्तर वाटेत हरवलं, असंही होतं. मी एकदा त्या मेसेजवर विश्वास ठेवून पुन्हा बटण दाबलं आणि बिल दोनदा भरलं. ‘पैसे गेले की नाही ते अजून कळलेलं नाही, तपासतो आहोत’ हे लांबलचक आहे, पण खरं आहे. रीट्राय करायचाच तर प्रत्येक खेपेला रिक्वेस्टला तोच क्रमांक द्यावा, आणि सर्व्हरने तो ओळखून काम एकदाच करावं.

उत्तर ३
‘बॅकऑफ’साठी (दर फसलेल्या प्रयत्नानंतर आधीपेक्षा जास्त थांबणं) माझं मत ‘दमाने घेणे’ला. १ सेकंद, मग २, ४, ८, आणि त्यात थोडा इकडेतिकडे फरक, नाहीतर सर्व्हर उठतो न उठतो तोच सगळे क्लायंट (वाट बघत असलेली अ‍ॅप्स) एकदम तुटून पडतात. (हे आणखी एक ‘तुटणं’!) ‘ग्रेसफुल’ म्हणजे सरळ ‘सावरून घेणं’.

प्रश्नकर्ती
‘सावरून घेणं’ घेतलं. पैशांच्या स्क्रीनवरचं ‘पुन्हा प्रयत्न करा’ काढून तिथे ‘स्थिती पाहा’ ठेवलंय.