लोकलला लटकणं म्हणजे व्यायाम नव्हे!

घामाघूम_बोरिवली:
काल इथे एकाने लिहिलं की विरार फास्टला रोज सव्वा तास लटकतो, तोच माझा व्यायाम, जिमवाले नुसते लुटतात. त्यावर धडाधड लाइक! अरे बाबा, हात भरून आले म्हणजे व्यायाम झाला? स्नायू सारखे आवळले-सुटले की पेशीतली ऊर्जा खर्ची पडते, मग एएमपीके (पेशीत ऊर्जा कमी पडली की ओळखणारं एन्झाइम) जागं होतं, ग्लुट-४ नावाचे वाहक आतून पेशीच्या कडेला येतात आणि इन्सुलिनची वाट न बघता साखर आत ओढतात. आठवडेच्या आठवडे केलं तर मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली वीजघरं, पण वाढतात, होलोझी नावाच्या संशोधकाने १९६७ सालीच उंदीर पळवून दाखवलंय.

ठाण्याची_काकू:
उंदरांना ८:१२ ची गाडी नसते. आमचे सासरे ८६ चे, जन्मात कधी सूर्यनमस्कार घातला नाही, ठणठणीत आहेत!

घामाघूम_बोरिवली:
राहायचे कुठे?

ठाण्याची_काकू:
लालबागला चाळीत, तिसरा मजला. नळ खाली.

घामाघूम_बोरिवली:
म्हणजे चाळीस वर्षं बादल्या वर नेल्या. काकू, तुम्ही माझीच बाजू मांडलीत 😄

ठाण्याची_काकू:
हसू नकोस. आमच्या सोसायटीची लिफ्ट दोन महिने बंद आहे, सातवा मजला, मेंटेनन्स मात्र पूर्ण घेतात, विचारलं तर सेक्रेटरी म्हणतो "चाला, तब्येतीला चांगलं". त्याचा फ्लॅट तळमजल्यावर!!

एक_त्रस्त_सभासद:
आमच्याकडे पण सेम. जनरल बॉडीत तोंड उघडलं की थकबाकी काढतात.

डबलडेकर_प्रेमी:
लिफ्ट राहू द्या हो. लंडनच्या डबलडेकर बसवर मॉरिस नावाच्या संशोधकाने १९५३ मध्ये दाखवलं, दिवसभर जिना चढणाऱ्या कंडक्टरांना बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी. आपल्या जुन्या डबलडेकर २०२३ ला गेल्या, नाहीतर बेस्टमध्येही बघता आलं असतं.

शंकासुर:
अर्धंच सांगताय. नंतर त्यांनीच गणवेशाची मापं तपासली तर ड्रायव्हरांच्या पँटी तरुणपणीच मोठ्या निघाल्या. जाडे लोकच स्टिअरिंगवर बसले असतील तर जिन्याला श्रेय कशाला?

डबलडेकर_प्रेमी:
बरं, पँटीचं मान्य. पण माझा रक्तातल्या साखरेचा मीटर जेवणानंतर वीस मिनिटं चाललो की १९० चा १५० दाखवतो, त्याला कुठली पँट?

शंकासुर:
एका माणसाचा मीटर म्हणजे पुरावा नाही. (चालत राहा, पण.)

ठाण्याची_काकू:
लिफ्ट सुरू झाली आज. तरी मी दोन मजले जिन्यानेच चढते, तुझ्या त्या ग्लुटसाठी नाही हं, खाली लिफ्टपाशी सेक्रेटरी उभा असतो म्हणून.