घरच्या घरी मॅनिक्युअर: तुमचा उजवा हात कोण रंगवतं?

निळीशाई (धागाकर्ती)

सकाळी लिफ्टमध्ये शिरले तर नेलपेंटचा तो उग्र वास. कुणीतरी ओली नखं घेऊनच खाली उतरलं असणार. मी थेट हॉस्टेलच्या खोलीत पोचले. आमच्यातली एक जण परीक्षेच्या आदल्या रात्रीसुद्धा सगळ्यांची नखं रंगवून द्यायची. पुस्तक मांडीवर, हात तिच्या ताब्यात, पान उलटायला तिसरीच कुणीतरी. रंगाची बाटली ती शेवटी उघडायची. त्याआधी नुसतं घासणं, पुसणं, क्युटिकल, म्हणजे नखाच्या बुडाशी चिकटलेली पातळ कातडी, मागे ढकलणं. आम्ही कंटाळून बोंबलायचो, पण तिने केलेल्या नखांचे टवके लवकर उडायचे नाहीत हे खरं.

मधली बरीच वर्षं पार्लर. आता परत घरी करायला लागलेय आणि माझंही मत तिच्यासारखं होत चाललंय: पार्लरचं फिनिशिंग बाटलीत नसतं, कोरड्या स्वच्छ नखात असतं. भिंत रंगवण्याआधी घासून घेतात, तसंच.

मी हात भिजवत नाही. नख पाणी पितं आणि किंचित पसरतं, मग वाळताना परत आकसतं आणि वरचा रंग सुटतो. साबणाने हात धुवायचे, चांगले कोरडे होऊ द्यायचे, कोरड्या नखांवर फाईल. रंगाच्या आधी प्रत्येक नखावरून रिमूव्हरचा बोळा, म्हणजे तेलाचा अंश राहत नाही. मग बेसकोट, रंगाचे दोन पातळ हात, टॉपकोट. टॉपकोटचा ब्रश नखाच्या टोकावरून आडवा एकदा फिरवायचा, टवके तिथूनच सुरू होतात.

तुमचे अनुभव लिहा. युक्त्या, फजिती, काहीही. आणि डाव्या हाताने उजवा हात कसा रंगवता तेही सांगा, कारण माझं घोडं तिथेच अडतं.

मोगरा_७

डाव्या हाताने उजवा. एवढं एक जमलं असतं तर मी आज कुठल्या कुठे असते.

झुळूक

@मोगरा 😂😂 अगदी अगदी

माझा उजवा हात लेक रंगवते. नखाबरोबर बोटाचं पहिलं पेरही रंगवते. फुकटात बोनस.

गच्चीवरची

ब्रश हलवायचा नाही, बोट हलवायचं! डावं कोपर आणि मनगट टेबलावर घट्ट टेकवायचं, ब्रश स्थिर धरायचा आणि उजव्या हाताचं बोट त्याच्याखाली हळूहळू फिरवायचं. कुणीतरी हे सांगितलं तेव्हा मला पटलं नव्हतं. करून बघ.

ब्रशचे फटकारे तीनच. पहिला मधे, क्युटिकलपासून केसभर जागा सोडून. मग दोन बाजूंना एकेक. त्वचेला टेकू द्यायचं नाही. टेकलंच तर जुना बारीक रंगकामाचा ब्रश रिमूव्हरमध्ये बुडवून, निथळून, कडेने फिरवायचा. पार्लरवाल्या हेच करतात. त्यांचाही हात पहिल्या फटक्यात सरळ जात नाही, आपलं लक्ष मोबाईलमध्ये असतं म्हणून दिसत नाही.

निळीशाई

@गच्चीवरची बोट हलवायचं!! हे डोक्यातच आलं नव्हतं. आज रात्री करते.

षड्ज

पुरुषांनी लिहिलं तर चालेल का? मी नायलॉनच्या तारांचं गिटार वाजवतो, त्यामुळे उजव्या हाताची नखं वाढवलेली, डाव्या हाताची मुळापर्यंत कापलेली. बसमध्ये लोक आळीपाळीने दोन्ही हातांकडे बघतात.

फाईलबद्दल माझी मतं जरा कडक आहेत. ती धातूची खरखरीत पट्टी नखाचं टोक फाडते. फाईलवर आकडा असतो: १०० म्हणजे जाड, ती खोट्या नखांसाठी. स्वतःच्या नखाला १८० ते २४०. त्यानंतर मी पाण्यात चालणारा अगदी बारीक पॉलिश पेपर वापरतो, कारण कडेला जरा जरी कुसळ राहिलं तरी तार खरखरते, लगेच ऐकू येतं. अंगठा खिडकीच्या काचेवर हलकेच ओढून बघा. अडखळला तर अजून काम बाकी आहे.

नख तुटलं की महिनाभर शोक. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, त्यात काही घाई करता येत नाही.

झुळूक

@षड्ज चालेल काय, धावेल! टॉपकोट लावता का पण? खरं सांगा.

षड्ज

लावतो. पारदर्शक. घरी माहीत आहे, ऑफिसात नाही.

रेवाकाठ

वाचतेय. छान धागा.

सुईदोरा

मी पार्लरमध्ये काम केलंय, आता सोडलं. क्युटिकलबद्दल लिहिते, कारण घरी सगळ्यात जास्त घोळ तिथे होतो.

कापू नका. नखावर चिकटलेला पातळ पांढुरका पापुद्रा मृत असतो, तो काढला तर चालतं. पण त्याच्या मागची जी जाडसर कड दिसते ती जिवंत कातडी आहे, नखाच्या मुळाशी जंतू शिरू नयेत म्हणून लावलेली. ती कापली की दार उघडं. मग बोट ठणकतं, लाल होतं, पू धरतो. नखुरडं ज्यांना झालंय त्यांना ठाऊक आहे ती रात्र कशी जाते. गिऱ्हाईकं हट्ट करायची, "अजून काढ ना, नीट दिसत नाही". जितकं कापाल तितकं ते जाड आणि खरबरीत होऊन येतं.

क्युटिकल रिमूव्हरचा थेंब लावा, बाटलीवर लिहिलंय तेवढाच वेळ ठेवा, ऑरेंज स्टिकला (क्युटिकल ढकलायची लाकडी काडी) कापूस गुंडाळून हलक्या हाताने गोल फिरवा, आणि नीट धुऊन टाका. सालपटं मात्र ओढू नका, नेलकटरने बुडाशी कापा. रोज झोपताना तेल. जोजोबा असेल तर उत्तम, नसेल तर घरातलं कुठलंही साधं तेल चोळलंत तरी फरक दिसेल.

पार्लरमध्ये वाटीत हात का भिजवतात माहितीये? कातडी मऊ होते म्हणून, आणि गिऱ्हाइकाला बरं वाटतं म्हणून. रंग टिकण्याशी त्याचा काही संबंध नाही. धागाकर्तीला अनुमोदन.

मोगरा_७

@सुईदोरा ताई, माझी उजव्या हाताची समस्या सोडवायला घरी याल का 🙏

सुईदोरा

😄 बोट हलव गं, वर लिहिलंय की तिने.

रात्रपाळी

मी नर्स. माझी नखं कायम आखूड आणि बिनरंगाची, त्यामुळे या धाग्यावर मी उपरी. पण दोन गोष्टी लिहूनच जाते.

ऑपरेशनच्या आधी नेलपेंट काढायला सांगतो ते उगाच नाही. बोटाला लावतो तो चिमटा नखातून प्रकाश पाठवून रक्तातला ऑक्सिजन मोजतो, गडद रंग असेल तर आकडा चुकू शकतो. शिवाय नख निळसर पडतंय का ते डोळ्यांनीही दिसायला हवं. जेल (दिव्याखाली धरून घट्ट करतात ते नेलपेंट) लावून येतात आणि ते साध्या रिमूव्हरने निघत नाही, मग आमची धावपळ.

दुसरं, नखावरचे पांढरे ठिपके म्हणजे कॅल्शियम कमी, हे कृपया विसरा. बहुतेक वेळा मुळाशी बारीकसा मार बसलेला असतो, ठिपका नखाबरोबर पुढे सरकत निघून जातो. मोठ्या तापानंतर आडवी खाच येते तीही तशीच पुढे सरकते. मात्र एकाच नखात काळपट उभी रेघ नव्याने आली किंवा रुंद होत चालली, तर वर रंग लावून झाकू नका, डॉक्टरांना दाखवा.

ड्यूटी सुरू होतेय, पळते.

अबोली२

नखं खाणाऱ्या मुलांसाठी काही उपाय आहे का? माझा मोठा दहाही बोटं कुरतडतो. कडू औषध लावलं तर ते चाटून "सवय झाली" म्हणतो.

झुळूक

@अबोली२ माझी धाकटी पण!! षड्जना विचार, गिटार शिकायला बसव.

षड्ज

गिटार शिकवायला हरकत नाही, पण शिकताना मी स्वतः नखं खायचो. डाव्या हाताची. ती तशीही आखूडच लागतात.

कडूगोड

जेलबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितेय. मोबाईलवरून आहे, चुका सांभाळून घ्या.

धाकट्या बहिणीने दिवा आणि जेलच्या बाटल्या ऑनलाईन मागवल्या. हौशी आहे, हातही चांगला. सुरुवातीला झकास. मग बोटांना खाज, मग नखाच्या भोवतीची कातडी सोलायला लागली, मग पापण्या सुजल्या. पापण्या का? कारण बोट डोळ्याला लागतं. त्वचेच्या डॉक्टरांनी अॅलर्जीची चाचणी केली तेव्हा कळलं, अॅक्रिलेट. जेल दिव्याखाली पुरतं घट्ट झालं नाही किंवा कातडीला लागून राहिलं की ही अॅलर्जी जडू शकते, आणि एकदा जडली की सहसा जन्मभर. त्याच कुळातली रसायनं दात भरायच्या सिमेंटमध्येही असतात, म्हणून आता दाताच्या डॉक्टरकडे गेली की आधी हे सांगावं लागतं.

जेल लावूच नका असं म्हणत नाही. पण दिवा आणि जेल एकाच कंपनीचं घ्या, पातळ थर द्या, कातडीला लागलं तर दिव्याखाली हात घालायच्या आधी पुसा. आणि सोलून काढू नका, त्याबरोबर नखाचे पापुद्रे निघतात. वरचा थर फाईलने घासून, अॅसिटोनचा बोळा आणि वर फॉइल, दहा-पंधरा मिनिटं. जेल घट्ट करायला वापरतात त्यातल्या टीपीओ नावाच्या रसायनावर युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंदी घातली आहे, तेव्हा बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायची सवय लावा.

निळीशाई

@कडूगोड बाप रे. बहीण बरी आहे ना आता?

कडूगोड

हो, बरी आहे. साधं नेलपेंट चालतं तिला. दिवा पडून आहे, त्यावर आता मोबाईलचा स्टँड ठेवलाय.

ढगाळ

अॅसिटोनचा विषय निघालाय तर: गॅस, मेणबत्ती, सिगरेट यांपासून लांब. वाफसुद्धा पेट घेते. आणि प्लॅस्टिकपासूनही लांब. आमच्याकडे लॅपटॉपच्या बटणांवर बाटली कलंडली, आता तीन बटणांवर अक्षरं नाहीत. कुणी कलंडवली यावर घरात अजून एकमत नाही.

घट्ट झालेल्या नेलपेंटमध्ये रिमूव्हर ओतू नका, पोत बिघडतो. त्यासाठी थिनर मिळतं, एक-दोन थेंब पुरे. बाटली गदागदा हलवायची नाही, बुडबुडे येतात. तळव्यांत धरून फिरवा.

झुळूक

बर्फाच्या पाण्यात बोटं बुडवली की लवकर वाळतं ना पण?

ढगाळ

@झुळूक वरून कडक लागतं, इतकंच. रंग वाळतो म्हणजे त्यातला पातळ द्रव उडून जातो, आणि गारठ्यात तो आणखी सावकाश उडतो. रंगाच्या दोन थरांमध्ये दोन-तीन मिनिटं थांबा, त्याला पर्याय नाही. वरून वाळलं तरी आतून घट्ट व्हायला काही तास लागतात. म्हणून रात्री लावून झोपलं की सकाळी चादरीची वीण नखावर उमटलेली असते.

गच्चीवरची

चादरीची वीण 🤣 मला वाटायचं माझ्याच नखांवर डिझाईन येतं.

सांजसावली

आईच्या हातांना संधिवात आहे, बोटं वाकडी झालीत. रविवारी मी तिची नखं करते. रंग तिला नकोच असतो, फक्त फाईल, तेल आणि बफरची (नख घासून चमकवायचा ठोकळा) शेवटची गुळगुळीत बाजू. बफर फार घासायचा नाही, नख पातळ होतं, म्हणून दर वेळी नाही करत. ती डोळे मिटून बसते आणि मधेच म्हणते, "करंगळी राहिली." राहिलेली नसते. तरी परत करते.

अबोली२

❤️

मोगरा_७

बोट हलवून बघितलं. चार नखं चक्क सरळ आली! अंगठ्याचं काय करायचं? तो फिरतच नाही.

गच्चीवरची

@मोगरा अंगठा सगळ्यात आधी कर, हात दमायच्या आत. टेबलाच्या कडेवर आडवा ठेव.

तळटीप

डावखुरी आहे. इथे सगळे "डाव्या हाताने उजवा" म्हणून रडतायत आणि मला मजा येतेय.

मोगरा_७

@तळटीप मग तुझा डावा कोण रंगवतं?

तळटीप

नवरा. तोही डावखुरा. दोघांनाही समोरासमोर बसून कुठली बाजू कुठली ते कळत नाही.

रेवाकाठ

चमकीचं नेलपेंट कसं काढायचं कुणी सांगेल का? अर्धी बाटली रिमूव्हर संपला, चमचम आहे तिथेच.

ढगाळ

@रेवाकाठ घासू नकोस. जेलसारखंच: भिजवलेला बोळा, वर फॉइल, पाच-सात मिनिटं, मग दाबून ओढ. पुढच्या वेळी खाली सोलून निघणारा बेसकोट लाव.

रेवाकाठ

फॉइल नाहीये घरात. प्लॅस्टिकचा कागद चालेल?

ढगाळ

अॅसिटोन असेल तर नको!! वर लॅपटॉपचं वाचलं नाहीस का 😄 बोळा नखावर नुसता दाबून धर, एकेक बोट.

रेवाकाठ

एकेक बोट. बरं. कपडे वाळत घालून येते, मग बसते.